क्लॅरिनेटवादक हाइन्रिख बेअरमान

संगीताच्या इतिहासांत जीं नांवें आपण वाचतों, तीं बहुतेक रचनाकारांचीं असतात. ज्यानें सूर कागदावर उतरविले, त्याचें नांव राहतें. ज्याच्या श्वासानें ते सूर लोकांच्या कानीं प्रथम पडले, त्याचें नांव बहुधा त्या श्वासाबरोबरच हवेंत विरून जातें. कवीची कविता ग्रंथांत राहते, शिल्पकाराची मूर्ति दगडांत राहते. वादकाची कला मात्र वाद्य खालीं ठेवितांच संपते. ध्वनि सांठवून पुन्हां ऐकविणारें यंत्र एडिसननें १८७७ सालीं तयार केलें. त्यापूर्वीं होऊन गेलेल्या कोणत्याहि वादकाचा एकहि सूर आज आपणांस ऐकावयास मिळत नाहीं. मग अशा मनुष्याचें आयुष्य वायां गेलें असें समजावयाचें काय? या प्रश्नाचें उत्तर ज्यास हवें असेल, त्यानें जर्मनींतील हाइन्रिख योसेफ बेअरमान या क्लॅरिनेटवादकाचें चरित्र अवश्य पाहावें.

प्रथम त्याच्या वाद्याविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. लग्नाच्या मिरवणुकींत बँड वाजत जातो, तेव्हां काळ्या, सरळ नळीच्या ज्या वाद्यावर गाण्याची चाल वाजवितात, तें वाद्य आपल्या विद्यार्थ्यांनीं पाहिलें असेल, तेंच क्लॅरिनेट. आपल्या सनईप्रमाणें तेंहि फुंकून वाजवावयाचें, परंतु दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. सनईच्या तोंडाशीं पत्तीचे पापुद्रे एकमेकांवर थरथरतात. क्लॅरिनेटला बोरूची एकच पत्ती असते व ती मुखनळीला घट्ट बांधलेली असते. हें वाद्य न्युरेंबर्ग येथील योहान क्रिस्टोफ डेनर नांवाच्या कारागिरानें १७०० च्या सुमारास सिद्ध केलें. त्याचे खालचे सूर गंभीर व काळोखे, मधले मृदु आणि वरचे तुतारीसारखे तेजस्वी असतात. मोत्सार्टनें आपल्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षीं, म्हणजे १७९१ सालीं, आन्टोन श्टाडलर या वादकासाठीं क्लॅरिनेटचा कॉन्चेर्टो लिहिला. एका वादकानें पुढें होऊन वाजवावें व मागून संपूर्ण वाद्यवृंदानें त्यास साथ द्यावी, अशा रचनेस कॉन्चेर्टो म्हणतात. त्या रचनेनें या वाद्याची थोरवी सिद्ध झाली; तरीहि पुष्कळांच्या मनांत क्लॅरिनेट म्हणजे पलटणीच्या बँडांतलें वाद्य, हीच कल्पना दृढ होती.

बेअरमान हाहि पलटणीच्या बँडांतूनच पुढें आला. त्याचा जन्म १४ फेब्रुवारी १७८४ रोजीं प्रशियाच्या राज्यांतील पॉट्सडाम या गांवीं झाला. पॉट्सडाम हें लष्करी ठाणें असून तेथें सैन्यासाठीं वादक तयार करणारी एक संगीतशाळा होती. त्या शाळेंत बालवयांत त्याचें शिक्षण झालें. प्रथम तो ओबो वाजवीत असे, पण लवकरच क्लॅरिनेटनें त्याचें मन ओढून घेतलें. त्या काळचा नामांकित वादक योसेफ बेअर हा त्याचा गुरु होता. पुढें बर्लिन येथें फ्रान्त्स टाउश याच्याकडूनहि त्यास शिक्षण मिळालें. किशोरवयांतच तो प्रशियाच्या राजरक्षक पलटणीच्या बँडांत दाखल झाला. तेथें राजघराण्यांतील लुई फर्डिनंड या राजपुत्राची त्याच्यावर नजर गेली. हा राजपुत्र स्वतः उत्तम पियानोवादक व रचनाकार होता. अशा रसिक आश्रयदात्याची छाया मस्तकावर असतां तरुण बेअरमानचें भवितव्य निश्चित झालें, असें कोणासहि वाटलें असतें.

परंतु युद्धानें हा सर्व बेत उधळून लावला. १८०६ च्या ऑक्टोबर महिन्यांत नेपोलियनच्या फौजा प्रशियावर चालून आल्या. ता. १० रोजीं झालफेल्डच्या लढाईंत लुई फर्डिनंड धारातीर्थीं पडला, आणि ता. १४ रोजीं येना येथें प्रशियाच्या सैन्याचा पुरता मोड झाला. बेअरमान शत्रूच्या हातीं सांपडला. त्याचा आश्रयदाता मेला, पलटण मोडली, देश पराभूत झाला, आणि तो स्वतः कैदी बनला; त्या वेळीं त्याचें वय अवघें बावीस वर्षांचें होतें. तथापि कैदेंतून निसटून तो दक्षिणेकडे निघाला व बव्हेरियाची राजधानी म्यूनिक येथें येऊन पोहोंचला. १८०७ सालीं तेथील दरबारच्या वाद्यवृंदांत त्यास जागा मिळाली. या वाद्यवृंदाची कीर्ति फार मोठी होती. त्यांतील पुष्कळ वादक पूर्वीं मानहाइम येथें असलेल्या विख्यात वाद्यवृंदाच्या परंपरेंतले होते. १८३४ सालीं निवृत्त होईपर्यंत बेअरमाननें ही नोकरी सोडली नाहीं. निर्वासित होऊन तो ज्या शहरांत आला, तेंच त्याचें कायमचें घर झालें.

त्याच्या वादनांत असें काय विशेष होतें? त्या काळीं पुष्कळ वादक मुखनळी अशी धरीत, कीं बोरूची पत्ती वरच्या ओंठाला लागे. बेअरमान पत्ती खालच्या ओंठावर ठेवी. ही गोष्ट दिसावयास क्षुल्लक आहे. पण खालचा ओंठ हा अधिक नाजूक व अधिक ताब्यांतला असल्यामुळें पत्तीवरील दाब केसाइतका कमीजास्त करतां येतो, आणि सूर अगदीं पुटपुटण्याइतका बारीक करून पुन्हां हळूहळू फुलवितां येतो. आज जगांत सर्वत्र हीच रीत चालते. त्याचें वाद्य बर्लिनच्या कारागिरांनीं बनविलेलें, दहा चाव्यांचें होतें. जुन्या पांच-सहा चाव्यांच्या क्लॅरिनेटवर जे अर्धस्वर कसेबसे निघत, ते या वाद्यावर स्वच्छ निघत. तरी खरें श्रेय चाव्यांचें नव्हे. त्याच्या सुरांची मृदुता सर्व सप्तकांत सारखी राहत असे, हाच त्या काळच्या श्रोत्यांना त्याचा मोठा गुण वाटे. लष्करी तुताऱ्यांच्या गलबल्यांत वाढलेल्या या मनुष्यानें आपल्या वाद्यास गावयास शिकविलें.

१८११ सालच्या वसंत ऋतूंत कार्ल मारिया फोन वेबर नांवाचा एक तरुण रचनाकार म्यूनिक येथें आला. त्याचें वय चोवीस वर्षांचें होतें आणि दैवानें त्याचे पुष्कळ हाल केले होते. जन्मापासून तो एका पायानें लंगडत असे. १८०६ सालीं ब्रेस्लाउ येथें असतां मद्याच्या बाटलींत भरून ठेविलेलें नत्राम्ल तो चुकून प्याला. प्राण वांचला, पण त्याचा गोड गळा कायमचा गेला. १८१० सालीं व्युर्टेंबर्गच्या राजानें त्यास अटक करून हद्दपार केलें. असा हा गळा गेलेला, घर नसलेला मनुष्य म्यूनिकमध्यें येऊन बेअरमानचें वादन ऐकतो, आणि त्याची प्रतिभा एकाएकीं जागी होते. ज्यास स्वतःला गातां येत नव्हतें, त्यास जणूं दुसऱ्याच्या हातांत आपला कंठ सांपडला, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

वेबरनें थोड्याच दिवसांत बेअरमानसाठीं एक लहानसा कॉन्चेर्टिनो लिहून काढिला. ता. ५ एप्रिल १८११ रोजीं दरबारांत तो वाजविला गेला. बव्हेरियाचा राजा माक्सिमिलियन योसेफ यास तो इतका आवडला, कीं त्यानें क्लॅरिनेटचे आणखी दोन मोठे कॉन्चेर्टो लिहिण्याची वेबरला आज्ञा केली. त्यांपैकीं पहिला ता. १३ जून रोजीं व दुसरा ता. २५ नोव्हेंबर रोजीं म्यूनिकमध्येंच वाजला. एका वर्षाच्या आंत तीन रचना, आणि तिन्ही एकाच वादकासाठीं! पहिल्या कॉन्चेर्टोच्या संथ भागांत एक प्रसंग असा येतो, कीं तंतुवाद्यें थांबतात, तीन शिंगें एखाद्या भजनाप्रमाणें मंद सूर धरतात, आणि त्यांच्यावर एकटें क्लॅरिनेट बोलूं लागतें. तो भाग ऐकतांना रंगभूमीवर कोणी गायिका एकटीच उभी राहून गात आहे असा भास होतो. वेबर हा जातिवंत नाटककार-संगीतकार. त्याच्या हातून हें वाद्य बँडांतून उठून जणूं नाट्यगृहांत आलें. या कॉन्चेर्टोंत बेअरमाननें स्वतः कांहीं सुरावटींची भर घातली, आणि ती आजहि अनेक वादक वाजवितात. रचनाकार व वादक यांच्यामधील रेषा येथें पुसट झालेली दिसते.

याच वर्षाच्या डिसेंबरांत दोघे मित्र बरोबर प्रवासास निघाले. त्या वेळीं आगगाडी नव्हती. घोड्यांच्या गाडींतून, भर हिंवाळ्यांत, त्यांनीं प्राग, लायप्झिक, गोथा, वायमार, ड्रेस्डेन व बर्लिन हीं शहरें पाहिलीं व तेथें आपली कला दाखविली. वेबर पियानो वाजवी व बेअरमान क्लॅरिनेट. दोघांना मिळून वाजविण्यासाठीं नवी रचना हवी, म्हणून वेबरनें प्राग येथें आपल्या झिल्व्हाना या ऑपेरांतील एका चालीवर विस्ताराच्या रचना लिहिल्या. १८१२ च्या वसंतांत दोघांचे मार्ग वेगळे झाले, परंतु मैत्री तुटली नाहीं. क्लॅरिनेट व चार तंतुवाद्यें यांच्यासाठीं एक पंचक वेबरनें त्याच्याकरितां आरंभिलें होतें. इतर कामांच्या गर्दींत तें पुनःपुन्हां मागें पडलें. तरी त्यानें तें सोडून दिलें नाहीं, आणि अखेर १८१५ च्या ऑगस्टमध्यें, बेअरमानच्याच सहवासांत म्यूनिक येथें असतां, तें पुरें केलें. पुढें १८२१ सालीं बर्लिन येथें डेर फ्रायशुट्स या ऑपेरानें वेबरला सर्व जर्मनींत कीर्ति मिळाली. त्या ऑपेराच्या प्रारंभीच्या संगीतांत, अंधाऱ्या अरण्यावर प्रकाशाचा किरण यावा तसा, एक क्लॅरिनेटचा सूर उठतो. तो सूर लिहितांना वेबरच्या कानांत कोणाचें वादन घुमत असेल, याचा तर्क वाचकांनींच करावा. १८२६ च्या जून महिन्यांत, घरापासून दूर लंडन शहरीं, वेबर क्षयानें मरण पावला. त्याचें वय त्या वेळीं एकोणचाळीस होतें.

वेबर हा त्याचा एकच रचनाकार-मित्र नव्हता. जाकोमो मायरबेअर याच्याशींहि बेअरमानचा घनिष्ठ स्नेह होता. बेअरमानची जीवनसहचरी हेलेन हारलास ही म्यूनिकच्या ऑपेरांतील प्रख्यात गायिका होती. हीं दोघें इटलींत गेलीं असतां मायरबेअरनें १८१६ सालीं त्यांच्यासाठीं एक सुंदर गीतमालिका रचिली. तींत गायिका ही एक व्याकुळ मेंढपाळीण असून क्लॅरिनेट हें तिच्या प्रियकराच्या ठिकाणीं आहे. ती बोलावते, तें उत्तर देतें. मानवी कंठ व बोरूची पत्ती यांत कोणता सूर कोणाचा, हें क्षणभर कळेनासें होतें. दुर्दैवानें हें सहजीवन फार काळ टिकलें नाहीं. १८१८ सालीं हेलेन मरण पावली, आणि लहान मुलें मागें राहिलीं.

त्या मुलांपैकीं १८१० सालीं जन्मलेला कार्ल हा पित्याचाच शिष्य झाला. बापाच्या क्लॅरिनेटबरोबर तो बासेटहॉर्न, म्हणजे क्लॅरिनेटचेंच अधिक लांब व खालच्या सुराचें भावंड, वाजवूं लागला. आणि हें पितापुत्रांचें जोडपें युरोपभर फिरूं लागलें. १८३२ च्या अखेरीस रशियाकडे जातांना हीं दोघें बर्लिन येथें उतरलीं. तेथें फेलिक्स मेंडेलसोन हा त्यांचा मित्र होता. बव्हेरियांतील दोन पक्वान्नें मेंडेलसोनला अतिशय प्रिय होतीं: एक, वाफेवर फुगविलेले कणकेचे गोड गोळे, आणि दुसरें, साय घालून केलेल्या पातळ कणकेच्या गुंडाळ्या. हीं करण्यांत बेअरमान पितापुत्र निष्णात होते. तेव्हां सौदा ठरला, कीं त्यांनीं मेंडेलसोनच्या घरीं स्वयंपाक करावा, आणि तोंवर त्यानें त्यांच्यासाठीं द्वंद्ववादनाची एक रचना करावी. पितापुत्र पदर खोंचून चुलीपुढें उभे राहिले, मेंडेलसोन लेखणी घेऊन बसला, आणि दोन्ही बाजूंनीं शब्द पाळला गेला. त्या रचनेला मेंडेलसोननें एका लढाईचें भारदस्त नांव देऊन त्यांतच दोन्ही पक्वान्नांचीं नांवें गोंविलीं. थोड्याच दिवसांनीं त्यानें तशीच दुसरी रचनाहि करून दिली. या रचना विनोदाच्या भरांत झाल्या खऱ्या, तरी त्या आजहि मैफलींत वाजतात. ज्या घरांत खरें प्रेम असतें, तेथें कणिक मळतांनाहि कला जन्मते. १८४७ सालीं बेअरमान व मेंडेलसोन हे दोघेहि कांहीं महिन्यांच्या अंतरानें निवर्तले.

बेअरमान स्वतःहि रचनाकार होता. आपल्या वाद्यासाठीं त्यानें कॉन्चेर्टो, विस्ताराच्या रचना व पंचकें लिहिलीं. त्या लेखनांत वेबरची नाट्यशक्ति नाहीं. परंतु क्लॅरिनेटला काय शोभतें, श्वास कोठें घ्यावा, कोणता सूर कोठें फुलतो, हें त्याच्याइतकें थोड्यांनाच ठाऊक होतें. यांपैकीं एका रचनेची कथा ऐकण्यासारखी आहे. त्याच्या तेविसाव्या क्रमांकाच्या पंचकांत एक संथ भाग आहे. वर शांतपणें गाणारें क्लॅरिनेट व खालीं हळुवार साथ करणारीं तंतुवाद्यें, एवढेंच त्याचें रूप. पण तें अत्यंत मनोहर आहे. या भागाची एक सुटी प्रत पुढें कोणाच्या हातीं आली, आणि ती रिचर्ड वाग्नरच्या तरुणपणची रचना आहे असा समज पसरला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तो भाग वाग्नरच्या नांवानें छापला गेला, त्याच्याच नांवानें वाजला, आणि श्रोत्यांनीं वाग्नरची म्हणून त्याची वाहवा केली. पुढें मूळ पंचकाशीं ताडून पाहतां खरी गोष्ट उघड झाली. बेअरमाननें तें पंचक प्रसिद्ध केलें, तेव्हां वाग्नर हा शाळेच्या वयाचा मुलगा होता! ज्यानें आयुष्यभर दुसऱ्यांच्या रचनांस आपला श्वास दिला, त्याच्या स्वतःच्या सर्वांत गोड रचनेवर दुसऱ्याचें नांव चढावें, हा दैवाचा विचित्र खेळ होय. पण याची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. नांव पुसलें गेलें तरी रचना मेली नाहीं; ती इतकी चांगली होती, कीं ती वाग्नरची असेल यावर लोकांनीं सहज विश्वास ठेविला.

१८३४ सालीं बेअरमान सेवानिवृत्त झाला व म्यूनिकच्या वाद्यवृंदांतील त्याचें स्थान कार्लकडे आलें. ता. ११ जून १८४७ रोजीं म्यूनिक येथें त्याचें देहावसान झालें. त्या दिवशीं त्याचा सूर जगांतून नाहींसा झाला, परंतु त्याची विद्या नाहींशी झाली नाहीं. कार्लनें पित्याकडून मिळालेलें सर्व ज्ञान व्यवस्थित लावून क्लॅरिनेट शिकविण्याचा एक मोठा ग्रंथ तयार केला. त्यांतील सुरावटींचे पाठ आजहि जगभरचे विद्यार्थी गिरवितात. वेबरच्या रचनांच्या ज्या आवृत्त्या त्यानें सिद्ध केल्या, त्यांत पित्याच्या वादनाच्या खुणा जतन झाल्या. तसेंच ओटेनश्टाइनर नांवाच्या कारागिराच्या साहाय्यानें त्यानें अठरा चाव्यांचें सुधारलेलें क्लॅरिनेट बनविलें. पुढें असेंच क्लॅरिनेट मायनिंगेन येथील रिचर्ड म्यूलफेल्ड हा वादक वाजवीत असे. १८९१ सालीं त्याचें वादन योहानेस ब्राम्सनें ऐकिलें. ब्राम्स त्या वेळीं वृद्धत्वाकडे झुकला असून आतां नव्या रचना पुरेत असें त्यानें मनाशीं ठरविलें होतें. पण त्या सुरांनीं तो पुन्हां लिहूं लागला, आणि क्लॅरिनेटचीं त्याचीं अमर रत्नें जन्मास आलीं. याप्रमाणें पॉट्सडामच्या लष्करी शाळेंत पेटलेली ज्योत हातोहात जात जात शतकाच्या अखेरीपर्यंत पोहोंचली.

आरंभीं आपण जो प्रश्न विचारिला, त्याचें उत्तर आतां देतां येईल. बेअरमानचा एकहि सूर आपणांस ऐकूं येत नाहीं, हें खरें. परंतु वेबरच्या कॉन्चेर्टोंतील तें एकाकी गाणें, मायरबेअरच्या मेंढपाळिणीस मिळणारें उत्तर, मेंडेलसोनच्या त्या खेळकर रचना, यांपैकीं कांहींहि तो नसता तर लिहिलें गेलें नसतें. सांच्यांत ओतलेल्या धातूवरून सांचा कसा होता हें ओळखतां येतें; तसें या रचनांवरून त्या वादकाचें वादन कसें असेल, हें आपण ओळखूं शकतों. जेथें सूर लांब व शांत आहे, तेथें त्याचा श्वास दीर्घ होता. जेथें तो कुजबुजतो, तेथें त्याचा ओंठ कोमल होता. आणि जेथें तो हंसतो, तेथें तो मित्रांमध्यें बसलेला होता.

विद्यार्थिमित्रांनो, आपणांपैकीं फार थोडे रचनाकार होतील. पुष्कळांस दुसऱ्यानें आरंभिलेलें काम हातीं घ्यावें लागेल, दुसऱ्यानें लिहिलेला सूर वाजवावा लागेल, आणि त्या कामावर आपलें नांव राहील कीं नाहीं, याची शाश्वति नसेल. तरी तें काम इतक्या मनापासून करावें, कीं तें पाहून दुसऱ्या कोणास नवें कांहीं निर्माण करण्याची स्फूर्ति व्हावी. हाइन्रिख बेअरमाननें हेंच केलें. यापुढें रस्त्यांतून जाणाऱ्या बँडांत क्लॅरिनेटचा सूर कानीं पडेल, तेव्हां क्षणभर थांबून त्या वाजविणाऱ्याकडे पाहावें. त्याचें नांव आपणांस ठाऊक नसेल. पण त्याची पत्तीहि खालच्याच ओंठावर टेकलेली असेल.